अकरा घावांचं कुलूप

आमच्या आत्याला गल्लीत सगळे हातोडी म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. अंगाने बुटकी, खांद्यांत रुंद, मान असून नसल्यासारखी. राग आला की आधी ती गप्प व्हायची, मग दात-ओठ खायची आणि मग हातात जे असेल ते समोरच्याच्या दिशेने निघायचं. कानस, पक्कड, चहाचा कप, काहीही. खाली कुलपांचा कारखाना आणि वर दोन खोल्या असं आमचं घर. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला लागून तीन टेबलं, मध्ये ऐरण आणि सगळीकडे लोखंडाचा कीस. काम करता करता डोकं बाजूला कसं घ्यायचं हे नव्या कारागिराला पहिल्या आठवड्यातच यायचं. कुलूप करायला शिकायला मात्र दोन वर्षं लागायची.

मी तिच्याकडे आले तेव्हा नऊ वर्षांची होते. माझे वडील म्हणजे तिचा धाकटा भाऊ. ते गेले, आईने दुसरं घर केलं आणि त्या घरात मला जागा नव्हती. आत्याने मला वर नेलं, एक गादी दाखवली आणि म्हणाली, "ही तुझी. रडायचंय तेवढं आज रडून घे." मी तीन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने माझ्या मुस्कटात दिली आणि मग समोर बसवून स्वतःच्या हाताने भरवलं. ती माया याच क्रमाने करायची, आणि खरं सांगायचं तर मला तिच्यासारखी माया पुन्हा कोणी केली नाही.

हात उचलायला ती कुठे शिकली ते मला मिस्त्रींनी सांगितलं. मिस्त्री म्हणजे कारखान्यातले सगळ्यांत जुने कारागीर, आणि आत्याने ज्याच्यावर कधीही काहीही फेकलं नाही असा जगातला एकमेव माणूस. कारखाना मुळात आतोबांचा, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचा. आतोबा म्हणायचं म्हणून म्हणते, मानाने नव्हे. तो तिला पट्ट्याने मारायचा, आणि तेही कारागिरांच्या समोर, म्हणजे त्यांनाही धाक बसावा. पाच वर्षं तिने मार खाल्ला. सहाव्या वर्षी एका सकाळी त्याने जिन्यात तिचे केस धरून तिला खाली ओढलं. तिच्या हातात गोदामाला लावायचं मोठं कुलूप होतं, चांगलं दोन किलोचं. तिने ते उघड्या कडीत बोटं घालून फिरवलं आणि त्याच्या गळ्याखालच्या हाडावर हाणलं. मिस्त्री म्हणायचे, वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो खाली बसला. तिने दुसऱ्या बाजूलाही एक दिलं, "समान असावं म्हणून." आतोबा त्या दिवशी दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही. त्याचे सदरे आत्याने महिनाभर खुंटीवर ठेवले आणि मग यंत्रं पुसायला फाडले.

त्यानंतर ती मिस्त्रींकडून कुलूप करायला शिकली आणि मिस्त्रींच्या पुढे गेली. प्रत्येक कुलपाच्या पाठीवर ती स्वतःचा ठसा मारायची. पण ठशापेक्षा मोठी गोष्ट होती तिचा शब्द. कुलपाबद्दल ती खोटं बोलत नसे. स्वतःच्या कुलपाबद्दलही नाही. गिऱ्हाईक विचारायचं, "हे तुटणार तर नाही ना?" ती म्हणायची, "तुटेल. घण मारणारा दमदार हवा आणि आवाज ऐकणारं कोणी नको. दोन्ही जमलं की माझं काय, कोणाचंही तुटेल." निम्मी गिऱ्हाइकं हिरमुसून जायची, उरलेली जन्माची बांधली जायची. दोन व्यापाऱ्यांत मालावरून भांडण झालं की ते कुलूप घेऊन तिच्याकडे यायचे. ती कुलूप कानाशी धरून किल्ली फिरवायची आणि सांगायची चांगलं की टाकाऊ. तिथे वाद संपायचा. रूप नाही, शिक्षण नाही, नवरा नाही, पोर नाही. तिचा सगळा डौल होता तो या एका शब्दावर. तो घालवला मी, आणि हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

मी जाहिरातींच्या कचेरीत नोकरी करायचे. इंटरनेटवरच्या दुकानांकडे लोक कसे वळवायचे, हे माझं काम. राग आमच्या रक्तातच आहे. साहेबाने माझं काम स्वतःच्या नावावर खपवलं, म्हणून मी भर बैठकीत त्याच्या तोंडावर कॉफी फेकली. कॉफी कोमट निघाली हे त्याचं नशीब. नोकरी गेली. घरी येऊन आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "कप का नाही फेकलास?"

तेव्हा कारखान्याची अवस्था वाईट होती. बाजारात घुबडछाप नावाचं स्वस्त कुलूप आलं होतं आणि दुकानदार आत्याचा माल उचलेनासे झाले होते. तीन टेबलांपैकी दोन रिकामी पडली. मी म्हटलं, आत्या, आपण इंटरनेटवर दुकान काढू. तिने नुसतं "काढ" म्हटलं. मी वेबसाइट केली, कुलपांचे सुरेख फोटो काढले, प्रत्येकाखाली माहिती लिहिली. पहिल्या महिन्यात दिवसाला चाळीस जण यायचे. त्यात दहा-बारा वेळा मीच असायचे, आणि काही तर माणसंही नव्हती. दुसऱ्यांच्या वेबसाइट हुंगत फिरणारी यंत्रं असतात, ती. तिसऱ्या महिन्यात मी जाहिराती करून आकडा चारशेवर नेला आणि मोठ्या तोऱ्यात खाली जाऊन सांगितलं.

"चारशे माणसं आली?" आत्याने विचारलं.

"आज एका दिवसात."

"आणि घेतलं किती जणांनी?"

"एकाने. पण आधी लोक यायला लागतात आत्या, मग..."

"चारशे जण दुकानात शिरले आणि एक सोडून कोणी तोंड उघडलं नाही? ती माणसं आहेत का माश्या?" मिस्त्री इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला मात्र राग आला, कारण प्रश्न बरोबर होता.

वारं फिरलं ते एका बाईमुळे. ती घुबडछाप कुलूप घेऊन आली. किल्ली आत मोडली होती आणि कुलूप बंद. आत्याने कुलूप कानाशी धरून हलवलं, आणि मी तिचा चेहरा बघून फोन काढला. ती गप्प झाली. मग दात-ओठ खाल्ले. मग कुलूप ऐरणीवर आपटलं, भिंतीशी ठेवलेला घण उचलला आणि घाव घालायला लागली. प्रत्येक घावाला एक शिवी. आत खटका पत्र्याचा घातलाय म्हणून एक, कडीला पाणी देऊन ती कडक केली नाही म्हणून एक, माझी टेबलं रिकामी केलीत म्हणून दोन-चार. ठिणग्या उडत होत्या, केस सुटले होते, तोंडाला फेस. अकराव्या घावाला कडी तुटून खिडकीच्या काचेतून बाहेर गेली. मग तिने आपलं स्वतःचं कुलूप ठेवलं आणि त्याच्यावर वीस घातले. त्याला पोचे आले, पण ते उघडलं नाही. "बघ," ती त्या बाईला म्हणाली आणि धापा टाकत खाली बसली.

मी तो व्हिडिओ जसाच्या तसा टाकला. दुसऱ्या दिवशी आकडे बघितले. आमच्या धंद्यात कळतं, बघणारा नेमका कितव्या सेकंदाला पळाला ते. दुसऱ्या घावापर्यंत सगळे थांबले होते. तिसऱ्याला निम्मे गेले. अकराव्यापर्यंत शंभरातले तीन उरले. हल्ली लोकांना वाचायचं नसतं, ऐकायचं नसतं, थांबायचं तर मुळीच नसतं. म्हणून मी तो व्हिडिओ उतरवला आणि घाव कापले. पहिला ठेवला, सहावा ठेवला, अकरावा ठेवला. घुबडछाप तीन घावांत तुटलं. आत्याच्या कुलपावरचे वीसही कापावे लागले असते, पण तिथे मी ते भरभर पळवले आणि खाली आकडा मोजता ठेवला. सगळं मिळून पंधरा सेकंदांचं काम. ते करताना मला काही वाटलं नाही. कापणं हे माझ्या हातांना कानस चालवण्याइतकं सवयीचं होतं.

आठवड्याने एका दिवसात तीस हजार लोक आमच्या वेबसाइटवर आले. तिन्ही टेबलं भरली, चौथं आणलं. लोक खाली लिहायचे, आजीबाई, आता हे फोडा, ते फोडा. मग दर शुक्रवारी आत्या कोणाचं ना कोणाचं कुलूप फोडायची. आकडा मोठा हट्टी असतो. गेल्या वेळेइतकंच दिलं की तो पडतो. म्हणून घण मोठा केला. मग मी तिला आधी चिडवायला लागले, म्हणजे चेहरा नीट यावा. एकदा आतोबांचं नाव काढलं. त्या शुक्रवारी ऐरणीचा कोपरा उडाला आणि आकडा पन्नास हजारांवर गेला. तिचं मनगट सुजायचं, मी शेक द्यायचे, आणि पुढच्या शुक्रवारी घण पुन्हा तिच्या हातात द्यायचे. तिने एकही व्हिडिओ पाहिला नाही. "माझे हात मी रोज बघते, परत काय बघायचेत?" म्हणायची. घाव कापल्याचं मी तिला सांगितलं नाही. विसरले नव्हते. सांगितलं तर ती सगळं बंद करेल हे मला माहीत होतं.

मग ते गाव दिसायला लागलं.

कोणत्या गावातून किती लोक आले हे रोज सकाळी मी बघायचे. डोंगरापलीकडे तीन तासांवर एक छोटं गाव आहे. तिथून कधी कोणी आलं नव्हतं. एका सोमवारी बारा जण आले. गुरुवारी नव्वद. पुढच्या सोमवारी चारशे. आणि हे लोक इतरांसारखे नव्हते. इतर लोक अर्धा मिनिट थांबून पळायचे. हे सात-सात मिनिटं थांबायचे. घुबडछापचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायचे. कुलपांच्या किमती बघायचे नाहीत. व्हिडिओ बघून झाला की थेट पत्त्याच्या पानावर जायचे. तिथे नकाशा होता, कारखाना किती वाजता उघडतो ते होतं आणि मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं: "मंगळवारी मालकीणबाई स्वतः भेटतात. अवश्य या."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. इतका वेळ थांबणारं, पत्ता शोधणारं गिऱ्हाईक म्हणजे हातात पाकीट धरून उभं असलेलं गिऱ्हाईक, हे मी नोकरीत दहा जणांना शिकवलं होतं. एकदा आपल्याकडे येऊन गेलेल्या माणसाचा पाठलाग करायची आमच्याकडे सोय असते. तो बातम्या वाचो नाहीतर गाणी ऐको, आपली जाहिरात त्याच्यापुढे उभी. मी ती संपूर्ण गावामागे लावली. चित्र कुठलं? हातात घण घेतलेली आत्या आणि तिच्या पायाशी फुटलेलं घुबडछाप. वर लिहिलं: "खास तुमच्या गावासाठी." त्या आठवड्यात त्या गावात ज्याने ज्याने फोन उघडला, त्याला त्याला ती दिसली. चुलीपुढे बसलेल्या बाईला दिसली, दवाखान्यात बसलेल्या माणसाला दिसली.

घुबडाचा शिक्का व्यापाऱ्याचा होता. कुलपं कुठे बनतात ते शिक्क्यावर लिहिलेलं नव्हतं, आणि मी कोणाला विचारलं नव्हतं. ती बनायची त्या गावात. घरोघर.

मंगळवारी सकाळी दहाला गल्लीच्या तोंडाशी, चौकात दोन ट्रक थांबले. मी वरच्या खिडकीतून बघितलं, तीस-चाळीस माणसं उतरत होती. मी खाली धावत गेले आणि ओरडले, "आत्या, आले बघ! म्हटलं नव्हतं?" हे वाक्य मला मरेपर्यंत पुरेल.

पहिला दगड काचेतून आला. मग लोखंडी गज घेतलेली माणसं दारातून आत घुसली. बोलणं नाही, विचारणं नाही. भिंतीवरचा नमुन्यांचा फळा त्यांनी एका झटक्यात खाली ओढला. टेबलं उलटी केली. एक कारागीर मागच्या दाराने पळाला, दुसऱ्याला पाठीत गज बसला आणि तो रांगत टेबलाखाली गेला. मिस्त्री हात जोडून पुढे झाले, "अहो, ऐका, ऐका तरी," आणि कोणीतरी आडवा गज फिरवला. तो त्यांच्या कानावर बसला. ते पडले नाहीत, आधी आश्चर्याने कानाला हात लावला, हात बघितला आणि मग बसले. मी किंचाळले. कोणाचा तरी कोपर माझ्या तोंडावर आला, एक दात हलला आणि तोंड रक्ताने भरलं.

मिस्त्रींना पडलेलं बघून आत्या गप्प झाली.

तिने घण उचलला. चाळीस माणसांत एक बुटकी बाई, वय साठाच्या घरात. पहिल्याचा गुडघा तिने बाजूने फोडला. पाय नको त्या दिशेला वळला आणि तो माणूस गुरासारखा ओरडायला लागला. दुसऱ्याच्या खांद्यावर घाव बसला, त्याच्या हातातला गज गळून पडला. तिसऱ्याने तिला मागून कवेत आवळलं तर तिने डोकं मागे आपटून त्याचं नाक फोडलं. मग चौघांनी मिळून तिला ऐरणीवर दाबलं. घण हिसकावला. तरी ती पाय झाडत होती, आणि ज्याचा हात तोंडाजवळ आला त्याला चावत होती. मला भीती वाटत होती आणि लाज वाटली पाहिजे असा अभिमानही वाटत होता.

"बास!" एक आवाज आला. "बास म्हटलं ना. सोडा त्यांना."

दारात एक म्हातारा उभा होता, पांढरा सदरा, बोटं आमच्या मिस्त्रींसारखीच काळी. त्याच्या शेजारी त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान एक माणूस, एका डोळ्यावर पट्टी. म्हातारा आत आला, काचांवरून पाय जपून टाकत. त्याने खिशातून एक घुबडछाप काढलं आणि ऐरणीवर ठेवलं.

"बाई, हे मी माझ्या हाताने केलंय," तो म्हणाला. "तीन घावांत तोडून दाखवा. तुटलं तर आम्ही हात जोडून परत जातो, तुमचं नुकसानही भरून देतो."

आत्याने तोंडातलं रक्त थुंकलं. "तीन कुठले? अकरा लागले होते मला. टाकाऊ कुलूप आहे तुमचं, पण तीनात नाही तुटत ते. कोण म्हणालं तीन?"

 म्हाताऱ्याने फोन काढला आणि तिच्यासमोर धरला. पंधरा सेकंद. तिने पहिल्यांदाच स्वतःला पाहिलं. पुन्हा लाव म्हणाली. दुसऱ्यांदा बघताना तिचे ओठ हलत होते, ती घाव मोजत होती. मग तिने मान वर केली. माझ्याकडे बघितलं नाही.

"व्यापाऱ्याने सगळा माल परत पाठवला," म्हातारा सांगत होता. "दोनशे घरं आहेत आमची. हा माझा धाकटा भाऊ. याने परत आलेली कुलपं अंगणात मांडली आणि घण घेऊन बसला, तीनात तुटतं का बघायला. दोन दिवस फोडत होता, मोजत. एकही तीनात तुटलं नाही. नऊ, अकरा, बारा. एकाची किरच उडाली ती डोळ्यात गेली." त्याने भावाच्या पट्टीकडे बोट केलं. "आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन उघडला तर तुम्ही. खास आमच्या गावासाठी."

 पट्टीवाला माणूस पहिल्यांदाच बोलला. "कापलं कोणी?"

मी भिंतीला टेकून उभी होते. तोंडात रक्त होतं, पण जीभ शाबूत होती. दोन शब्दांचं उत्तर होतं. चाळीस माणसं, गज, आणि तो पट्टीवाला. मी श्वास घेतला आणि तो तसाच आत ठेवला.

"मी," आत्या म्हणाली. "मीच कापायला सांगितलं. त्या पोरीला काय कळतंय? ती बटणं दाबते."

मिस्त्रींनी खालून मान वर करून तिच्याकडे बघितलं. तीस वर्षांत त्यांनी तिला कुलपाबद्दल खोटं बोलताना ऐकलं नव्हतं.

म्हाताऱ्याने ऐरणीवरचं घुबडछाप उचलून खिशात टाकलं. "तुमच्या ठशाचं कुलूप आमच्या गावात पोरांना शिकवायला उघडून दाखवतात," तो म्हणाला. "खटका कसा बसवावा म्हणून. आता ते काय सांगायचं त्यांना?" त्याने मला फोन काढायची खूण केली. "जसं ते सगळ्यांनी पाहिलं, तसं हेही पाहू दे. बोला फोनसमोर."

फोन मीच धरला. थेट दाखवायचं बटण मीच दाबलं. आत्या ऐरणीजवळ उभी राहिली, केस तोंडावर आलेले, आणि शाळेतल्या मुलीसारखं सरळ बोलली. "कुलूप अकरा घावांत तुटलं होतं. मी तीन म्हणून दाखवलं. मी खोटं बोलले. माझ्या शब्दावर कोणी जाऊ नका."

मला वाटलं, संपलं. तेवढ्यात पट्टीवाल्याने तिचा उजवा हात मनगटापाशी धरला आणि ऐरणीवर ठेवला. तिने हात ओढला नाही. म्हातारा पुढे झाला, थांबला आणि म्हणाला, "एकच." पट्टीवाल्याने घण उचलला, तिचाच, आणि एकच घातला.

आत्या ओरडली. आजवर मी तिला रागाने ओरडताना ऐकलं होतं. हे ओरडणं लहान मुलाचं होतं. फोन माझ्या हातात तसाच चालू होता. आणि त्या क्षणाला, हे मी कोणाला सांगितलेलं नाही, सवयीने माझी नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. किती लोक बघत होते ते मी बघितलं. तो आकडा मला पाठ आहे. तेवढे लोक आमच्याकडे कधीच आले नव्हते.

पुढचं थोडक्यात. मिस्त्रींचा एक कान गेला. आत्याची तीन बोटं पुन्हा वळली नाहीत. डॉक्टरांना तिने सांगितलं, ऐरणीवर हात राहिला. तक्रार केली नाही, मला करू दिली नाही. तिच्या नावाखाली लोक आजही खोटारडी लिहितात, कोणी कोणी तर तिच्या ओरडण्याला गाणं जोडलंय. ती फोन बघत नाही. मी रोज बघते, सगळं वाचते. व्यापारी भांडण घेऊन आता दुसरीकडे जातात.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं. माणसं बाहेर पडली होती. आत्या जमिनीवर बसली होती, चेंदामेंदा झालेला हात मांडीवर घेऊन, आणि मी तो माझ्या ओढणीत गुंडाळत होते. मी रडत म्हणाले, "आत्या, मी जाते. मी सांगते त्यांना, मीच कापलं म्हणून. आत्ता जाते."

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता, आशा होती, ते मला स्पष्ट ऐकू आलं. "जा," ती म्हणाली. "ट्रक अजून चौकात असतील. त्या गुडघेवाल्याला चढवायला वेळ लागेल त्यांना. पळत जा."

मी उठले. चपला घातल्या, काचा ओलांडल्या, दारात आले. चौक तिथून दिसतो. एक ट्रक अजून उभा होता. चौघं मिळून त्या माणसाला वर घेत होते आणि म्हातारा खाली उभा राहून धरायला सांगत होता. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. त्यांनी त्याला वर घेतलं, म्हातारा पुढे जाऊन बसला, ट्रक सुरू झाला, वळला आणि गेला. मी आणखी थोडा वेळ तिथेच थांबले, म्हणजे जाऊन आल्यासारखं दिसावं.

आत आले तेव्हा आत्या डाव्या हाताने जमिनीवरच्या किल्ल्या गोळा करत होती. भेटले का, असं तिने विचारलं नाही.